पतंगसिंगचा मूळ रंग

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं याबद्दल आमच्या गल्लीत बरीच मतं आहेत आणि ती सगळी मला ऐकवून झाली आहेत. पहाटे फिरावं, कुंड्यांत टोमॅटो लावावेत, मोठ्यानं हसण्याच्या क्लबात जावं. एकतीस वर्षांपूर्वीच्या पिक्चरचा निळेपणा काढत बसावं, असं मात्र कुणी सुचवलं नव्हतं. ते मी स्वतःच ओढवून घेतलं. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही, तरी जमेल तितक्यांना तो मी देणार आहे.

पिक्चर आमचाच. त्र्याण्णव साली सोलापुरात 'जांबाज पतंगसिंग' नावाचा हिंदी पिक्चर लागला होता. बाकी देशात तो कधी आला आणि कधी उतरला ते कुणाला कळलंही नाही. आमच्याकडे अकरा आठवडे चालला. हा पतंगसिंग दिवसा शाळेत गणित शिकवायचा आणि अन्याय दिसला की खांद्यावर लांबलचक वस्त्र बांधून गच्चीवरून उडी टाकायचा. शेवटी तो दरीत पडतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, 'पतंगसिंग वापस आएगा'. आम्ही वर्षभर वाट बघितली. तो काही आला नाही. तेव्हा मी आणि माझा मित्र मकदूम, आम्ही दोघांनी ठरवलं की त्याला आता आपणच आणायचा.

मी दिग्दर्शक, मकदूम पतंगसिंग. कॅमेरा मल्लप्पाअण्णांचा, ते लग्नाच्या शूटिंगा करायचे आणि दोन लग्नांच्या मधल्या दिवशी आम्हाला मिळायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमागाच्या शेडवरून मकदूमनं चिंध्यांच्या ढिगावर सात उड्या टाकल्या. सातही उड्या पिक्चरमध्ये आहेत, कारण कुठली गाळावी यावर आमचं एकमत झालं नाही. एका रविवारी दुपारी केबलवाल्यानं पिक्चर दाखवला आणि गल्लीनं तो डोक्यावर घेतला.

एकच गोष्ट झाली होती. सगळा पिक्चर निळा आला होता. खलनायक दूध पितो, ते दूध निळं. म्हैस निळी. आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला बिरप्पा गर्दीच्या सीनमध्ये पुढंच उभा होता, मुद्दाम कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून आलेला. तो शर्ट असा निळा दिसला की लोक आजतागायत त्याला विचारतात, "काय बिरप्पा, नीळ जास्त झाली का?" लाँड्रीवाल्याला हे विचारणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. बिरप्पा नुसता हसायचा आणि इस्त्रीत कोळसा सारायचा. आमच्या घरचे कपडे मात्र त्याच्याकडे जात नाहीत. चौऱ्याण्णव साली त्यानं माझ्या बायकोचा, लीलाचा, लग्नातला शालू हरवला, असं आमच्या घरात मानलं जातं. तेव्हापासून लीला त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवून जाते.

पण सगळ्यांत जास्त दुखावल्या होत्या त्या मकदूमच्या अम्मी, गुलबानो. पतंगसिंगच्या खांद्यावरचं वस्त्र त्यांच्या निकाहाच्या ओढणीचं होतं. पोराच्या हट्टापायी त्यांनी स्वतःच्या हातानं ती कापली, शिवली, बंद लावले. ओढणी होती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. पडद्यावर दिसली वांग्यासारखी जांभळी.

"अनारी थी मेरी ओढनी, अनारी!" गेली एकतीस वर्षं मी त्यांच्या घरी गेलो की चहाआधी हे वाक्य येतं. "तुमने वांगा दिखाए. लोगां क्या बोले होंगे, गुलबानो निकाह में वांगा ओढ के बैठी?"

यंदा अम्मींना ऐंशी पूर्ण झाली आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा घराच्या भिंती बघितल्या आणि मकदूमला रंग काढायला सांगितला. मग मला बोलावून घेतलं. "देवा," त्या म्हणाल्या, "आँखां नवी हुई मेरी. अब्बी नै दिखाया तो कब दिखाएगा? मेरेकू मेरी ओढनी का रंग देखने का है. बस, एक बार."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द देऊन बसलो. त्याच आठवड्यात इंटरनेटवर मूळ पतंगसिंगच्या चाहत्यांचा एक गट मला सापडला होता. कुठले कुठले लोक, पण सगळ्यांचं वेड आमच्याच जातीचं. त्यांना आमचा दुसरा भाग रंग दुरुस्त करून, स्वच्छ करून हवा होता. म्हणजे एका बाजूनं अम्मी आणि दुसऱ्या बाजूनं जग. मी कामाला लागलो.

कॅसेट मकदूमच्या माळ्यावर मिळाली, ती संगणकात उतरवली, आणि रंगदुरुस्तीचा प्रोग्रॅम मी व्हिडिओ बघून बघून शिकलो. त्यात पडद्यावर तीन चाकं असतात: एक अंधाऱ्या भागाचं, एक मधल्या उजेडाचं, एक लख्ख उजेडाचं. जरा इकडे फिरवलं की चित्र तांबूस, जरा तिकडे फिरवलं की हिरवं. कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षांत हेडक्लार्कपर्यंत चढलेल्या माणसाला तीन चाकं काय अवघड, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी मकदूमला केशरी केला, म्हशीला गुलाबी केलं आणि आकाश पुसूनच टाकलं.

"कावीळ झालीय का मकदूम भावजींना?" लीलानं भाजी निवडता निवडता विचारलं.

"हे कच्चं काम आहे," मी म्हणालो.

"अहो, तुम्हाला काळा मोजा कुठला आणि निळा कुठला ते कळत नाही. साहेबांच्या निरोप समारंभात एकेक घालून गेला होता तुम्ही."

हे सांगायची तेव्हा काही गरज नव्हती. खिडकीपाशी शेजारचे विरुपाक्षआप्पा उभे होते. आप्पा बँकेतून निवृत्त झालेत आणि आमच्या खिडकीत रुजू झालेत. "देवदत्तराव," ते म्हणाले, "चेहरा पकडा, चेहरा. चेहऱ्याचा रंग बरोबर आला की बाकी आपोआप येतंय." मला ते पटलं, हा माझा दोष. मी मकदूमला बोलावून पडद्याशेजारी खुर्चीवर बसवला, आणि त्याच्या तोंडाकडे बघत पडद्यावरचं तोंड जुळवायला लागलो. दोन तासांनी लक्षात आलं की पडद्यावरचा मकदूम सव्वीस वर्षांचा आहे आणि खुर्चीवरच्या मकदूमनं मध्ये तीस वर्षं उन्हात टेंपो चालवलाय. शिवाय दाढीला मेंदी. पडद्यावर जो कुणी तयार झाला तो मकदूमचा मोठा चुलता दिसत होता.

"हे मी नव्हं बे," मकदूम म्हणाला. "हा आमचा हैदराबादचा मामू दिसलालाय."

तोवर बातमी गल्लीभर झाली होती. संध्याकाळी 'पतंगसिंग इलेव्हन' या आमच्या क्रिकेट टीमचं शिष्टमंडळ आलं. टीमच्या जर्सीचा रंग जांभळा. गणपतीच्या मांडवातल्या पताकाही जांभळ्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: आमचा पतंगसिंग जांभळाच आहे, लहानपणापासून जांभळाच बघितलाय, लाल करायचा तुम्हाला हक्क काय? मी म्हणालो, मी दिग्दर्शक आहे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

शेवटी मी मल्लप्पाअण्णांकडे गेलो. अण्णा आता पंचाहत्तरीचे, कॅमेरा कधीच विकलेला. मी म्हणालो, "अण्णा, कॅसेट जुनी झाली म्हणून निळी पडली असेल ना?"

अण्णा खाली बघायला लागले. मग आत जाऊन पाणी पिऊन आले. "कॅसेटचं काय न्हाय, सर," ते म्हणाले. "पयल्या दिवसापासनं निळंच हुतं. माझी चूक झाली की ती."

मग त्यांनी सांगितलं. त्या काळच्या कॅमेऱ्याला, पांढरं म्हणजे काय, ते शूटिंगआधी दाखवायला लागायचं. समोर पांढरी वस्तू धरायची, बटण दाबायचं, कॅमेरा ती पांढरी धरून बाकीचे रंग लावणार. अण्णांच्या खांद्यावर कायम एक पांढरा टॉवेल असायचा, आपल्या सोलापुरी मागावरचा, त्यावरच ते पांढरं दाखवायचे. आमच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी ते एका हळदीला गेले होते. करवल्यांनी नवऱ्या मुलाला सोडून कॅमेरावाल्याला हळद लावली आणि टॉवेल पिवळाधमक झाला.

"दोन पाण्यात धुतलो की मी," अण्णा म्हणाले. "वाळल्यावर मला पांढराच दिसला. थोडा पिवळा आसंल, पर एवढं कुठलं, म्हटलो. रोज तेच टॉवेल दावलो कॅमेऱ्याला."

म्हणजे कॅमेऱ्यानं पिवळ्याला पांढरं मानलं आणि जे खरोखर पांढरं होतं त्याला निळं केलं. एकतीस वर्षं अण्णा हे मनात घेऊन बसले होते. गल्लीनं कौतुक केलं तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, नंतर वेळ निघून गेली. मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुम्ही माझं कोडं सोडवलंत." म्हातारा एवढा सुटल्यासारखा हसला की मलाही बरं वाटलं. मी स्वतःला मोठ्या मनाचा माणूस समजत घरी आलो. हे समाधान चारच दिवस टिकलं.

आता मला तेवढाच पिवळा टॉवेल पाहिजे होता. तो संगणकाला दाखवला की उलटा हिशेब लावून निळेपणा काढता येणार होता. मी नवा पांढरा टॉवेल आणला, बादलीत हळद कालवली, टॉवेल बुडवला, दोन पाण्यात धुतला. पहिला फार पिवळा निघाला, दुसरा फार फिका. गच्चीत दोरीवर टॉवेल वाळायला लागले. समोरच्या बिऱ्हाडातून विचारणा झाली, "हळद कुणाची आहे हो?" लीलानं डब्यात हात घातला तर डबा रिकामा. चौथा टॉवेल जमला. मी त्याचा फोटो काढला, संगणकात घातला, मापं घेतली आणि बटण दाबलं.

आणि दूध पांढरं झालं.

खरंच सांगतो, मी खुर्चीवरून उठलो. दूध पांढरं, म्हैस काळी, आकाश आकाशाच्या रंगाचं. गर्दीच्या सीनमध्ये बिरप्पा उभा, शर्ट असा पांढरा की डोळे दिपावेत. आणि शेडच्या छपरावर मकदूम, खांद्यावर ओढणी, लाल! डाळिंब फोडल्यावर दिसतो तो लाल. मला अम्मींची आठवण आली. मी तसाच डोळे पुसत पिक्चर पुढं बघत राहिलो.

एकविसाव्या मिनिटाला पतंगसिंग भिंतीआड जातो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. आत जाताना ओढणी लाल होती. बाहेर आला तेव्हा ती राणी कलरची झाली होती.

मला वाटलं, चाक चुकलं. चाक बरोबर होतं. तिथून शेवटपर्यंत, सलग नऊ मिनिटं, राणी कलर. निळ्या पिक्चरमध्ये लाल आणि राणी दोन्ही जांभळे दिसत होते, म्हणून एकतीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही. म्हणजे असं मी लिहिणार होतो. पण खरं सांगायचं तर माझ्या लक्षात होतं, फक्त मी ते फार खोल, कपाटातल्या जुन्या फायलींसारखं मागं सारून ठेवलं होतं.

झालं असं होतं, की शूटिंगच्या चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मकदूम चिंचा पाडायला कंपाउंडवर चढला आणि अम्मींची ओढणी काटेरी तारेत अडकून उभी फाटली. सात उड्या टाकून जिला ओरखडा आला नव्हता ती चिंचेपायी गेली. अण्णांना पुढची लग्नं होती, दुसऱ्या दिवशी शेवटची मारामारी घ्यायलाच हवी होती. दिग्दर्शकाला निर्णय घ्यावा लागतो. लीला तेव्हा माहेरी करकंबला गेली होती. तिच्या ट्रंकेत वरच लग्नातला शालू होता, राणी कलर, आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी तो सायकलच्या हँडलला अडकवून एमआयडीसीत नेला. संध्याकाळपर्यंत त्याला मागाचं काळं तेल लागलं, जरीचे धागे उसवले, आणि मी तो घाबरून चिंध्यांच्या ढिगातच कोंबून आलो. लीला परत आली तेव्हा मी म्हणालो, "बिरप्पाकडे टाकला होता इस्त्रीला. त्यानं हरवला."

मकदूमला मी पडदा दाखवला. तो गार पडला. त्याचंही अडकलं होतं. अम्मींना त्यानं सांगितलं होतं की ओढणी शेवटच्या मारामारीत शहीद झाली. चिंचेचं नाव काढलं नव्हतं.

"परत निळं कर," तो म्हणाला. "सगळं जांभळं ठेव. क्रिकेटवाली पोरं बी खूश, तू बी खूश."

"आणि अम्मी?"

अम्मी रोज सकाळी त्याला विचारत होत्या, हुआ क्या.

मग मी ठरवलं, की सुरुवातीचा भाग आहे तसा लाल ठेवायचा आणि पुढच्या नऊ मिनिटांतला शालू एकेक चित्र पकडून लाल करायचा. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे, सगळ्यांना शांतता मिळावी म्हणून. अकरा दिवस मी हे केलं. पतंगसिंग वळला की शालू वळायचा, वारा आला की फुगायचा, मी त्याच्यामागं लाल रंग घेऊन धावत होतो. लीला आल्याची चाहूल लागली की म्हशीचा सीन लावायचा. "किती दिवस म्हैसच करताय," ती म्हणायची. बाराव्या दिवशी ओढणी पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल होती. खिडकीतून विरुपाक्षआप्पा म्हणाले, "देवदत्तराव, रंग झाला, आता चित्र थोडं धारदार करा. बारीकसारीक उठून दिसू दे." मी सगळा पिक्चर धारदार केला. आप्पांचा मी जन्मभर ऋणी राहीन असं तेव्हा वाटलं होतं.

दाखवायचा कुठं? गल्लीच्या टोकाच्या मैदानात, पडदा लावून. त्याला परवानगी लागते. कचेरीतल्या बाई सज्जन होत्या, पण अर्जावर कार्यक्रमाचे चारच प्रकार छापले होते: धार्मिक, राजकीय, शालेय, विवाहविषयक. मी म्हणालो, पिक्चर आहे. त्या म्हणाल्या, पिक्चर म्हटलं की प्रमाणपत्र लागेल. मी म्हणालो, घरगुती आहे हो. त्या म्हणाल्या, घरगुती म्हणजे विवाहविषयक. वधूवरांची नावं? मी कॉलेजात चौतीस वर्षं लोकांचे अर्ज अशाच कारणांनी परत पाठवले होते, त्यामुळे वाद घालणं व्यर्थ आहे हे मला कळत होतं. मागं रांग वाढत होती. मी लिहिलं: वर, देवदत्त. वधू, लीला. निमित्त: लग्नाचा वाढदिवस. तो खरंच त्याच आठवड्यात येत होता.

परवानगीचा कागद पोस्टानं घरी आला आणि लीलानं फोडला.

मी घरी आलो तेव्हा ती गाणं गुणगुणत होती. आमच्या घरात हे सहसा होत नाही. "सांगायचं तरी," ती म्हणाली. "एवढे दिवस म्हैस म्हैस करून मला फसवत होता होय? वाढदिवस मैदानात करणार, पिक्चर दाखवणार. मी ताईला करकंबहून बोलावलंय." तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिथंच सगळं कबूल करावंसं वाटलं. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "पुढच्या रांगेत बसणार हं मी." मी तोंड मिटलं.

त्या शनिवारी दिवेलागणीला मैदान भरलं. पतंगसिंग इलेव्हन जांभळ्या जर्सीत, निषेध म्हणून. पुढच्या रांगेत मधोमध खुर्चीत अम्मी, नव्या डोळ्यांवर नवा चष्मा. त्यांच्या शेजारी लीला, केसात गजरा. मागं भिंतीला टेकून बिरप्पा, नेहमीसारखा कडक पांढऱ्या शर्टात, हात बांधून.

पिक्चर सुरू झाला. दूध आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुधाला! मग छपरावर पतंगसिंग उभा राहिला, वारा आला, आणि लाल ओढणी पडदाभर उडाली. मैदान एकदम शांत झालं. जांभळी पोरंसुद्धा.

अम्मींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "हौ," त्या म्हणाल्या. "यहीच. यहीच था मेरा रंग." आणि मग मागं वळून सगळ्यांना मोठ्यानं, "देखे? वांगा था क्या? अनारी है, अनारी!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. मकदूम आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता आणि हसत होता. मला वाटलं, आता पिक्चर इथंच थांबावा, वीज जावी, काहीही व्हावं. एरवी रोज जाणारी वीज त्या दिवशी गेली नाही.

एकविसावं मिनिट आलं. पतंगसिंग भिंतीआड गेला, बाहेर आला. लाल. माझं काम एवढं बेमालूम होतं की मीच मनात स्वतःला शाबासकी दिली. मग पतंगसिंग कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि धारदार केलेल्या चित्रात वस्त्राचा काठ पडदाभर दिसला.

अम्मी म्हणाल्या, "देवा, ये मेरी ओढनी नै रे. मेरी ओढनी कू गोटे की सादी पट्टी थी. ये मोर किसके?"

रंग मी बदलला होता. काठ बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

लीला पडद्याकडे बघत होती. पतंगसिंग लोळला, मोर लोळले. पतंगसिंगनं खलनायकाचं तोंड पुसलं, मोरांनीच. मग ती हळूच म्हणाली, "सोळा मोर होते. आईनं मोजून घेतले होते." आणि माझ्याकडे वळली. एकतीस वर्षांत मी लीलाला बऱ्याच वेळा रागावलेली बघितली आहे. ही वेळ वेगळी होती. ती रागावण्याआधी काहीतरी आठवत होती. मग उठली. गजरा, नवी साडी, पुढच्या रांगेतून सगळ्या लोकांच्या मधून वाट काढत सरळ मागच्या भिंतीपाशी गेली आणि बिरप्पासमोर उभी राहिली. पिक्चरमध्ये मारामारी जोरात चालू होती, पण निम्मं मैदान मागं वळलं होतं.

"बिरप्पा," ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी तुम्हाला चोर समजत होते. माझं चुकलं." आणि तिनं त्याला हात जोडले.

बिरप्पा कावराबावरा झाला. "आवो वैनी, ऱ्हाऊ द्या की," एवढंच त्याला बोलता आलं.

त्या संध्याकाळचं पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा मान फारसा उरत नाही. चिंचेचा विषयही निघाला. अम्मींनी ऐंशीव्या वर्षी मकदूमच्या पाठीत अशी चापट मारली की मैदानात घुमली. मेव्हणी करकंबला जाताना माझ्याकडे न बघता गेली. पतंगसिंग इलेव्हननं मात्र तिथंच ठराव केला की पुढच्या वर्षी जर्सी लाल, आणि पाठीवर मोर. लीला घरी आल्यावर एकच वाक्य बोलली: "उद्यापासून तुमचे कपडे तुम्ही धुवायचे, आणि इस्त्रीला बिरप्पाकडे न्यायचे. स्वतः."

सकाळी मी बादलीत कपडे भिजवले, धुतले, दोरीवर घातले, वाळल्यावर गाठोडं बांधलं आणि बिरप्पाच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिलो. चार पावलांचं अंतर, पण एकतीस वर्षं मी ते चाललो नव्हतो. "बिरप्पा," मी म्हणालो, "मी तुझ्यावर आळ घातला."

"म्हायती हाय की," बिरप्पा म्हणाला.

"काल कळलं ना सगळ्यांना."

"न्हाय न्हाय. मला तवाच म्हायती हुतं. सायकलच्या हँडलला अडकवून शालू न्हेताना मी बघिटलो की तुमाला. ह्याच दुकानात उभारलो हुतो."

मी गाठोडं धरून तसाच उभा राहिलो. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार वो? नवीन लगीन हुतं तुमचं. माझं एक गिऱ्हाईक गेलं. तुमचं काय काय गेलं आसतं." त्यानं इस्त्री उचलून फुंकर घातली. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. मी खूप लाजलो, आणि लाज वाटली तशी त्या माणसाबद्दल अशी माया दाटून आली की मला तिथंच त्याला मिठी मारावीशी वाटली. मधे गरम इस्त्री होती म्हणून राहिलं.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"शालूचं सोडा वो," बिरप्पा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "माझा शर्ट बघिटलाव का काल? पांढरा हुता की! मी सांगून सांगून थकलो, नीळ जास्त झाली न्हवती, माझं काम तसलं न्हाय. कुणी ऐकलालंच न्हवतं. काल सगळ्यांनी बघिटलं. सकाळपासनं सात माणसं येऊन सांगून गेली, बिरप्पा, शर्ट लई पांढरा हुता बघ." त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "लई मोठं काम केलाव, साहेब."

आयुष्यात दिग्दर्शक म्हणून मला मिळालेलं हे एकमेव खरं कौतुक. मी गाठोडं सोडलं. वरच माझा पांढरा सदरा होता. बिरप्पानं तो झटकला, उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे कोण धुतलंय वो?" तो म्हणाला. "पिवळा पडलाय की समदा."

हळदीचे ते चारही टॉवेल मी त्याच बादलीत भिजवले होते.